होळी डाव्या हाताला

धडगावच्या बाजूच्या एका आश्रमशाळेत मी चित्रकला शिकवते. माहेर माझं खाली तापीकाठी, प्रकाशाला. दोन वर्षांपूर्वी मला चित्रकथांचं वेड लागलं आणि तेव्हापासून माझ्या खोलीतल्या टेबलावर जेवायला जागा उरलेली नाही. सगळं हातानं करायचं हा माझा हट्ट. पेन्सिल, टाक, काळी शाई, दोन नंबरचा ब्रश. "हे मोबाईलवर दोन मिनिटांत होतं की," असं कुणी म्हणालं की माझं डोकं सणकतं.

त्या फाल्गुनात आठ पानांची गोष्ट करायला घेतली. गोष्ट आमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींची. मावशी इथल्या पावरा आदिवासी, पण शहाद्याकडे मजुरीला जाऊन जाऊन अहिराणी शिकलेल्या, माझ्याशी तीच बोलतात. तरुणपणी होळीच्या नाचात मोठा ढोल वाजवणारा एक पोरगा त्यांना दिसला आणि लग्न करीन तर याच्याशीच, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. केलंही. चार वर्षांपूर्वी तो गेला. त्याचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. भाकरी थापता थापता त्यांनी मला हे सांगितलं, पण एका अटीवर: पानं आधी त्या बघणार. पटली तर भिंतीवर, नाही तर चुलीत. होळीच्या सुट्टीला मुली गावी निघायच्या आत पानं व्हरांड्यात लागावीत, म्हणून मी हात धुऊन कामाच्या मागे लागले.

आधी जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर काडेपेटीएवढे आराखडे केले: कुठल्या पानावर किती चौकटी, कुठली मोठी, कुठे कोण बोलतं. मग मोठ्या कागदावर फिकट पेन्सिल. संवादांचे फुगे मी माणसांच्या आधी आखते. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, खाली उकार. जागा आधी राखली नाही तर माणसाच्या डोक्यावर मात्रा बसते. हे मी दोन पानं वाया घालवून शिकले. पाचवं पान मात्र मुद्दाम बिनशब्दांचं ठेवलं. अख्ख्या पानभर एकच चित्र: मधे पेटलेली होळी, भोवती एकमेकांच्या कमरेत हात घालून नाचणारी चाळीस माणसं आणि पुढे ढोलवाला. चार दिवस लागले त्याला. शाई वाळल्यावर मी त्या पानाकडे बघत एकटीच हसत बसले होते. इतकं चांगलं मी कधी काढलंच नव्हतं.

सुट्टीच्या आदल्या दिवशी सकाळी मावशींसमोर पानं मांडली. त्यांना वाचता येत नाही, पण चित्रं त्या भराभर वाचत गेल्या. चौथ्या पानावर लाजल्या. पाचव्यावर थांबल्या आणि त्यांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मॅडम, ह्या लोके उलटा काबर फिरी ऱ्हायनात?"

"उलटे?"

"होळी डावा हातले ऱ्हास. तुम्हीन उजवा हातले टाकी दिधी. हाई आमनी होळी नही."

माझं तोंड उतरलं. प्रकाशाच्या देवळांत मी लहानपणापासून प्रदक्षिणा घातलेल्या. मधे जे असेल ते उजव्या हाताला, हे अंगात इतकं मुरलेलं की माझी चाळीस माणसं होळीला प्रदक्षिणा घालत निघाली होती! इतकी वर्षं मी इथे होळीचा नाच बघतेय. बघतेय म्हणजे काय, टाळ्या वाजवतेय. स्वतःचाच असा राग आला की सांगता सोय नाही. मावशींनी पान चुलीत टाकलं नाही, हेच पुष्कळ.

चार दिवसांचं काम एका दिवसात पुन्हा कसं करणार? दुपारी खिडकीत ऊन आलं तसं मला सुचलं. पान काचेला तोंड करून चिकटवलं, त्याच्या पाठीवर कोरा कागद लावला. पलीकडून उजेड आला आणि सगळी रांग उलट्या दिशेने नाचत उमटली. नशीब, पानावर एक अक्षर नव्हतं. उभ्या उभ्या पेन्सिलीने गिरवलं, मग टेबलावर बसून शाई भरली. मान आखडली होती, पण मी गुणगुणत होते.

चार वाजता लक्षात आलं की दिशा फिरली तसे हातही फिरले. पदर दुसऱ्या खांद्यावर गेले. म्हटलं, चालेल, नाचात कोण बघतंय. पण ढोलवाल्याची काठी डाव्या हातात गेली होती. त्याची तरी चूक ठेवायची नाही, म्हणून मी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला आणि त्याचा हात पुसायला वाकले. तेवढ्यात चहा घेऊन मावशी आल्या. त्यांनी कप ठेवला आणि माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ द्या."

पदराला बोट पुसून त्यांनी ते त्या काठीपाशी नेलं.

"तो डावखोराच व्हता. मी तुम्हले सांगं नव्हतं. तुम्हले कसं समजनं?"

मला काही समजलं नव्हतं, काचेमुळे झालं, हे मी खरं ते सांगून टाकलं. त्यांनी ऐकलं की नाही कुणास ठाऊक. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्या मात्र हसत होत्या. पान दोन्ही हातांनी उचलून त्या निघाल्याच.

"अहो, शाई ओली आहे!" मी ओरडले.

ऐकतंय कोण! मागोमाग धावले तोवर व्हरांड्यात मुलींचा घोळका जमला होता. मावशी आपल्या बोलीत काय सांगत होत्या, ते मला कळलं नाही. पानाकडे बोट करत त्या पुन्हा पुन्हा स्वतःचा डावा हात वर करून दाखवत होत्या.