चोक काढ

काढणे म्हणजे बाहेर घेणे, एवढं मराठी मला शाळेत जायच्या आधीपासून येत होतं. विहिरीतून पाणी काढतात, पेटीतून लुगडं काढतात, पायातला काटा काढतात. काढलेली वस्तू बाहेर येते, आत जात नाही. तरीही या एका शब्दानं माझ्या नोकरीचा पहिला दिवस गिळायचाच बाकी ठेवला होता. चूक माझी, आबांची की तळोद्याच्या त्या मेकॅनिकची, हे मला आजही धड सांगता येत नाही.

साठीच्या दशकाची नुकती सुरुवात होती. आमचं घर कळसाडीला. तेव्हा जिल्हा धुळं, नंदुरबार नुसतं रेल्वेचं गाव. आम्ही गुजर, घरात गुजरी बोलायचो, गावात अहिराणी, आणि मराठी फक्त शाळेत. म्हणून आबांचं म्हणजे माझ्या वडिलांचं बोलणं इथं मी मराठीत लिहितेय, ते तसं बोलायचे नाहीत. मी सात बहीणभावंडांतली एकटी शिकलेली, धुळ्याला मास्तरकीचं ट्रेनिंग करून आलेली. आणि आल्यापासून घरात माझ्या लग्नाचं चाललेलं.

तापीकाठच्या एका गावचं स्थळ आलं होतं. पाहुणे बघून गेले, पसंतीही कळवली. तेवढ्यात माझा नेमणुकीचा कागद आला. शाळा मोलगीची. तीन दिवसांनी, शाळा सुटायच्या आत हजर व्हायचं, नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला जागा जाणार. आईनं कपाळावर हात मारला. डोंगरात, पावरा-भिलांच्या वस्तीत, एकटी पोरगी? आबा म्हणाले, "मी स्वतः पोचवतो. वेळेत पोचलीस तर नोकरी कर. नाही पोचलीस तर माघात लग्न. मग पुन्हा विषय नको."

मला हे कबूल होतं. दुसरं काय कबूल करणार होते मी? पण एक अडचण होती, ती म्हणजे आमची जीप.

ती मिलिटरीच्या लिलावातली. शेतातल्या कामाला बरी, पण चढ दिसला की तिला धाप लागायची. हिवाळ्यात चालू होताना तिचे नखरे वेगळेच. समोर एक लोंबती तार नि तिला एक गोल बटण होतं, पण ते कशाचं ते कुणाला ठाऊक नव्हतं, कारण तार दुसऱ्या टोकाला तुटलेली होती. म्हणून गार सकाळी आबा बॉनेट उघडून कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरायचे, भाऊ हँडल मारायचा, आणि ती खोकत खोकत सुरू व्हायची. हात काढेपर्यंत तळव्याला पेट्रोलचा वास लागलेला असायचा.

अशा गाडीनं मोलगीचा घाट चढायचा म्हणून आबा मला घेऊन आधी तळोद्याला गेले. मेकॅनिक जाडजूड, शांत माणूस. गाडीचा आवाज ऐकून म्हणाला, "पाटील, गाडीले हवा कमी पडी ऱ्हायनी."

आबा म्हणाले, "काल तर भरली! चारी चाकं टणक आहेत."

"चाकनी नही हो! इंजिननी!"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मी आबांकडे. इंजिनाला हवा लागते हे ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. मग त्यानं काय केलं, तर सरकी काढलेल्या कापसाचा पुंजका दोऱ्याला बांधला आणि चालू इंजिनाच्या तोंडापुढे धरला. पुंजका जरासा हलला. शेजारी एका भंगार मिलिटरी ट्रकचा कार्बोरेटर पडला होता, त्याचं तोंड आमच्यापेक्षा चांगलं दीडपट मोठं. दोन दिवस खपून त्यानं तो आमच्या जीपला बसवला. भोकं जुळेनात म्हणून मध्ये जाड पत्रा कापून घातला, हवा गाळणारा तेलाचा डबाही ट्रकचाच लावला. आबा दोन्ही दिवस जीपच्या उशाशी उभे. शेवटी पुन्हा पुंजका धरला तर तो दोऱ्यासकट आत ओढला जायला लागला, मेकॅनिकनं चटकन मागे घेतला म्हणून वाचला. मी टाळ्याच वाजवल्या.

जाता जाता त्यानं ती लोंबती तारही जोडून दिली आणि बटणाकडे बोट करून म्हणाला, "हाऊ चोक. सकायले थंडीमा चोक द्या. गाडी गरम व्हयनी का चोक काढी टाका. घाटमा चोक काढेलच पाह्यजे."

आबांनी मान हलवली. मीही हलवली. काय कळलं? काहीसुद्धा नाही! पण समजलं नाही म्हणून विचारणं आमच्या घरात कुणाला जमलेलंच नाही.

हजर व्हायच्या दिवशी सकाळी आबांनी सवयीनं डब्याची नळी बाजूला करून तळहातच धरला, त्यामुळे त्या बटणाला कुणी हातही लावला नाही. आणि जीप जी सुटली म्हणता! तळोदं केव्हा गेलं कळलं नाही. अक्कलकुव्याला आम्ही साडेअकरालाच. आबा खुशीत होते, मी तर मनातल्या मनात शाळेतला पहिला धडा घेत होते.

घाट लागला. पहिला चढ तिनं झोकात घेतला. मग इंजिन तापलं, आवाज जरा बदलला, आणि आबांना आठवण झाली. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, समोर वळण. ते ओरडले, "चोक काढ!"

मी बटण धरून बाहेर ओढलं. दोन बोटं बाहेर आलं.

जीप थरथरली. मागे काळा धूर निघाला.

"काढलास का?"

"काढला!"

"अगं, पुरता काढ!"

मी पुरता काढला. जीपनं दोन हिसके दिले आणि ती बंद पडली.

पुढचे दोन तास काय सांगू! हँडल मारायचं, ती भकभक करत चालू व्हायची, पन्नास पावलं जायची, काळा धूर ओकायची, बंद. आबांनी रेडिएटरमध्ये पाणी घातलं, प्लग काढून फडक्यानं पुसले. मोलगीकडे निघालेली पावरा माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन आम्हाला मागे टाकत होती. आम्ही त्यांना गाठायचो, ती पुन्हा पुढे जायची. शेवटी त्यांच्यातली एक बाई हसून काहीतरी म्हणाली. भाषा कळली नाही, थट्टा मात्र कळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझं डोकं पार चक्रावून गेलं होतं. हवा कमी पडत होती म्हणून हवा वाढवली. सपाटीवर वाढलेली हवा मानवली. मग चढावरच काय बिघडलं? हवा जास्त झाली का? ट्रकचा घास जीपला झेपत नाही का? आबांना विचारलं तर ते म्हणाले, "असेल तसंही." दुसरं कारण सांगितलं तर त्यालाही म्हणाले, "असेल तसंही." मग ते एका दगडावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "तीन वाजून गेले. परत फिरू. उतारावर इंजिनाची गरज नसते."

परत फिरू? मला राग आला, असा राग आला की मी बॉनेट उघडून आत डोकं घातलं. काय बघायचं ते ठाऊक नव्हतं. एकच शंका होती, मेकॅनिकचा तो मेला पुंजका आत अडकला असेल. तेलाच्या डब्यापासून कार्बोरेटरला जाणारी रबरी नळी ओढून उपसली आणि तोंडात पाहिलं.

पुंजका नव्हता. तोंडावर पितळेची गोल झडप होती, गच्च बंद. तीवरून पेट्रोल पाझरत होतं.

मी कितीतरी वेळ बघत राहिले. आबांचा तळहात जिथं असायचा, तिथं ही झडप. मग आत जाऊन बटण ढकललं नि पुढे येऊन पाहिलं, तर झडप उघडी. बटण बाहेर ओढलं, झडप बंद. ढकललं, उघडी. तीन-चार फेऱ्या घातल्या तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला. बाई गं! चोक द्यायचा म्हणजे बटण बाहेर ओढायचं, आणि चोक काढायचा म्हणजे बटण आत ढकलायचं! काढायचं म्हणजे ढकलायचं! दोन तास मीच माझ्या हातानं गाडीचा गळा दाबत होते.

"आबा, झडप! चोक काढायचा म्हणजे आत घालायचा!"

ते उठून आले, आत वाकून पाहिलं. नळी बसवली, हँडल घेतलं. वीसेक वेळा तरी मारलं असेल. घामानं सदरा अंगाला चिकटला तरी थांबले नाहीत. मग एक ठसका, आणि इंजिन असं मोकळं बोललं की माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. उरलेला घाट जीपनं एका दमात चढला. त्या टोपलीवाल्या बाईला मागे टाकताना मी हात हलवला, तिनंही हलवला.

शाळा सुटायला अर्धा तास होता. हेडमास्तरांनी हजेरीपुस्तक पुढे केलं आणि मी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, हाताला तेल लागलं होतं.

बाहेर आले तेव्हा आबा जीपला टेकून पाणी पीत होते. मला हसू आवरेना. म्हटलं, "आबा, आपण दोघं काय खुळे हो! दिवसभर कुणाच्याच लक्षात येऊ नये?"

ते हसले नाहीत. "दुसऱ्या वळणावर पुन्हा काळा धूर निघाला ना," ते म्हणाले, "तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, बेटा. बटण उलटं ओढलंय ते."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. "मग बोलला का नाहीत?"

"तुला नाही म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. वाटलं, गाडीच नाही म्हणेल."

मला काय झालं ते मला सांगता येत नाही. दोन दिवस तळोद्याला जीपच्या उशाशी उभा राहिलेला माणूस कोण, आणि दगडावर बसून परत फिरू म्हणणारा कोण? घामानं निथळत वीस वेळा हँडल मारणारा तरी कोण? मी एवढंच म्हणाले, "तुम्ही जा आता." आबांना मी जा म्हणाले ते जन्मात तेवढं एकदाच.

ते गेले नाहीत. मागच्या बाजूची ताडपत्री सोडायला लागले. मला वाटलं होतं तिच्याखाली हत्यारं आणि पाण्याचे डबे असतील. ज्वारीच्या पिठाचं पोतं निघालं. मग घासलेटचा डबा, स्टोव्ह, कंदील, आईची एक गोधडी, लोणच्याची बरणी. एकेक वस्तू उचलून त्यांनी शाळेच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

"परतच न्यायचं होतं ना मला?" मी विचारलं. "मग हे सगळं कशाला भरून आणलंत?"

आबा पोत्याचं तोंड पुन्हा आवळून बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "पोचलीस तर? उपाशी राहिली असतीस की."