मुकादमाचा डावा डोळा

चौतीस वर्षं एका खिडकीमागे उभं राहिलेल्या माणसाला लोक अर्धा डॉक्टर समजू लागले, तर त्यात त्याचा फारसा दोष नाही. खिडकी दवाखान्याची होती. आतल्या खोलीत डॉक्टर पेशंट तपासायचे, चिठ्ठी बाहेर यायची आणि आमचा कंपाउंडर ती एकदा नजरेखालून घालून औषध काढायला लागायचा. गोळ्या खलात बारीक करून पुड्या बांधायच्या, कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून ती बाटलीला चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस. त्याच्या हातून कधी चुकीची बाटली गेली नाही. हे तो स्वतःच सांगायचा, जरा जास्तच वेळा सांगायचा, पण ते खरं होतं.

डॉक्टर गेले, दवाखान्याला कुलूप लागलं, तरी लोकांच्या पायांची सवय काही गेली नाही. ते आता याच्या घरी येऊ लागले. कुणाचा घसा बसलेला, कुणाची पाठ धरलेली. हा चष्मा कपाळावर चढवून ऐकून घ्यायचा आणि कागदाच्या चिटोऱ्यावर औषधाचं नाव लिहून द्यायचा. मेडिकलवालाही त्याच्या अक्षराला मान द्यायचा.

"अहो, कशाला नसती लचांडं गळ्यात घेता?" बायको म्हणायची.

"चौतीस वर्षं मी काय खिडकीत माश्या मारत होतो?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि घर खायला उठलं, तेव्हा कुत्र्याचं एक मातकट रंगाचं पिल्लू घरात आलं. एक कान उभा, एक पडलेला. मोठा झाल्यावर त्याला इमारतीतल्या प्रत्येक कामाची पाहणी केल्याशिवाय चैन पडेना. नळ दुरुस्त करणारा आला की हा शेजारी उभा, जिना झाडणारी आली की हा तिच्या मागोमाग. म्हणून त्याचं नाव मुकादम पडलं. कंपाउंडर त्याला जेवताना "घ्या मुकादमसाहेब" म्हणायचा. पोटच्या पोरीला त्याने कधी इतकं गोंजारलं नव्हतं, आणि हे बायकोने त्याला ऐकवूनही दाखवलं होतं.

एके दिवशी सकाळी जिन्याखाली मांजर व्यायली. मुकादमाने तिथेही नाक खुपसलं. मांजरीने एकच पंजा मारला. मुकादम केकाटत वर आला तो डावा डोळा मिटूनच. पाणी गळत होतं, आत लालभडक झालं होतं.

कंपाउंडर डगमगला नाही. लाल डोळ्याच्या चिठ्ठ्या त्याने शेकड्यांनी पाहिल्या होत्या आणि त्यांवर बहुतेक वेळा एकच नाव असायचं. मेडिकलमधून त्याने तेच थेंब आणले. मुकादमाचं डोकं मांडीवर घेऊन, पापणी अलगद ओढून, एक थेंब. सकाळ, दुपार, संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी लाली उतरली. "बघ," तो बायकोला म्हणाला.

"लाली गेली, पण डोळा कुठे उघडतोय?" ती म्हणाली. "जनावरांच्या डॉक्टरकडे चला. नाहीतर मी एकटी घेऊन जाते."

जनावरांची डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी. लहानपणी ती आईच्या कडेवर बसून त्या खिडकीशी यायची, आणि कंपाउंडर तिच्या कडू औषधावर एक गोड गोळी द्यायचा. तिने त्याला बघताच खुर्ची पुढे केली. मुकादमाच्या डोळ्याला तिने रंगाची पट्टी लावली, खोलीत अंधार केला आणि निळा दिवा धरला. डोळ्याच्या मधोमध एक हिरवी रेघ चमकली.

"जिथे खरचटलंय तिथे हा रंग धरतो, काका. जखम आहे, पण भरेल. घरी काही घातलं होतं का डोळ्यात?" आणि मग तीच हसून म्हणाली, "तुम्हाला काय विचारायचं म्हणा. तुम्ही थोडंच काहीबाही घालणार."

"छे," कंपाउंडर म्हणाला.

खोटं बोलायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. तिने मान दिला आणि तो घेताना तोंडातून शब्द निघून गेला. तिने जखमेचे थेंब दिले. ते त्याने नेमाने घातले. पण पोर अजून नवखी आहे, सूज उतरवायचं औषध द्यायला विसरली, असं त्याच्या मनाने घेतलं. म्हणून तिच्या थेंबांनंतर पाच मिनिटं थांबून तो आपलेही घालत राहिला. बायकोला दोन बाटल्या दिसत होत्या. तिला वाटलं, दोन्ही दवाखान्यातल्याच.

सहा दिवसांनी डोळ्यावर दुधाळ पडदा आला. मुकादम भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. डॉक्टरने पुन्हा निळा दिवा लावला आणि डोळा दोनदा निरखून पाहिला.

"हे असं व्हायला नको होतं, काका. जखमेवर कुणी सूज उतरवायचे थेंब घातले, स्टेरॉइडचे, तर असं होतं. वरून लाली जाते, पण आतून जखम डोळा खात जाते. पण इथे तो प्रश्नच नाही. दुसरं काहीतरी असणार. चार दिवस औषध बदलून बघू."

कंपाउंडरचे थेंब नेमके तेच होते. चौतीस वर्षं त्याने चिठ्ठ्या वाचल्या होत्या, पण आतल्या खोलीत डॉक्टर काय बघतात हे कधी पाहिलं नव्हतं. ज्यांच्या डोळ्याला काही लागलेलं असायचं, त्यांना डॉक्टर तिथूनच डोळ्यांच्या इस्पितळात धाडत. त्यांची चिठ्ठी खिडकीपर्यंत कधी आलीच नव्हती.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंही. तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही इतकं वेळेवर औषध घालता म्हणून मला धीर आहे." त्याने तोंड मिटलं. घरी जाऊन आपल्या थेंबांची बाटली मोरीत ओतली, आणि बाटली धुऊन का टाकली हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

चार दिवस तो देवाला नव्हे, त्या डोळ्यालाच विनवत होता. पाचव्या दिवशी सकाळी मुकादम जोरात विव्हळला. डोळा फुटला होता. दुपारी तो काढावा लागला.

त्यानंतरचे दहा दिवस फार वाईट गेले. मुकादम डाव्या बाजूने दाराच्या चौकटीवर आपटायचा, दचकायचा आणि मग कंपाउंडरच्याच पायाशी येऊन बसायचा. त्याला राग आला असता, तो चावला असता, तर कंपाउंडरला जेवण गेलं असतं. बायको त्याची समजूत घालायची, "अहो, तुम्ही काय कमी केलंत त्याचं?" ते ऐकून तो उठून गॅलरीत जायचा आणि धुणं वाळलंय का बघायचा.

टाके काढायच्या दिवशी तो बायकोला न घेता गेला. डॉक्टरने टाके काढले, मुकादमाची पाठ थोपटली.

"मी घातले होते," कंपाउंडर म्हणाला. "ते थेंब. तुझ्याकडे यायच्या आधीपासून. नंतरही. तू सांगितलंस त्या दिवशी कळलं मला, आणि मी गप्प बसलो."

ती चिमटा हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं की कशाचं, हे त्याला बघवेना.

"पहिल्याच दिवशी मला शंका आली होती, काका. त्या जखमेच्या मानाने डोळा फारच कमी लाल होता. दुसऱ्या वेळी तर खात्रीच वाटत होती. दुसरं कुणी असतं तर मी खोदून विचारलं असतं, त्याच दिवशी शस्त्रक्रिया केली असती, आणि डोळा कदाचित राहिला असता. पण तुम्ही नाही म्हणालात."

 

तिने नाक पुसलं आणि मुकादमाचा केसपेपर पुढे ओढला. "मला हे लिहावं लागेल."

"लिही." त्याने थेंबांचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून. "दिवसातून तीन वेळा. आठ दिवस."

"'मालकाने स्वतःच्या मनाने घातले' असं लिहिते."

"मालकाने नको," तो म्हणाला. "कंपाउंडरने दिले, असं लिही. आणि मेडिकलवाल्याला माझ्यादेखत फोन कर. माझ्या अक्षरातली चिठ्ठी आली तर औषध देऊ नको म्हणावं."