वाढदिवसाला टॉवेल-टोपी

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर तो मेसेज आला तेव्हा मी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांमध्ये उभा होतो. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस होता, पिंपरी पेंढारच्या बाजूला, त्यांच्या फार्महाऊसवर. वेळ, रस्ता, केक कधी कापणार, सगळं लिहून झाल्यावर शेवटी एक वेगळी ओळ होती. पालकांनी कॅज्युअल कपड्यांत यावं, जड साड्या, कुर्ते आणि टोप्या नकोत, दिवस मुलांचा आहे. पुढे हसणारी तोंडं.

त्या वर्गातल्या सगळ्या बापांमध्ये डोक्यावर टोपी असलेला मी एकटा आहे.

बायको म्हणाली, "अहो, सगळ्यांसाठी लिहिलंय. तुमच्या एकट्यासाठी कोण कशाला लिहील?"

मी आयुष्य बाजारात काढलंय. दहा जणांकडे बघून बोलणारा माणूस त्यातल्या नेमक्या कोणाला बोलतोय, हे ज्याला कळत नाही त्याने घरी बसावं. त्या ओळीत साड्या आणि कुर्ते ही नुसती भरती होती. खरा माल टोपी हाच होता.

कपड्यांबद्दल मला कोणी शिकवू नये. मी या बाजारात आलो तो क्रेट उचलायला. अंगात एक खाकी शर्ट, तोच रोज धुऊन घालायचा, तरी खांद्यावरचा लाल डाग कधी गेला नाही. टोमॅटोचा रस सुकला की कापड कडक होतं आणि मानेला घासतं. तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं, या बाजारात दुपारपर्यंत पांढरा राहिलेला माणूस म्हणजे ज्याला क्रेट उचलावा लागत नाही तो माणूस. पुढे गाळा स्वतःचा झाला, त्या दिवशी पांढरा शर्ट, पांढरा पायजमा आणि टोपी घालून मी काट्यापाशी उभा राहिलो. मला ती कोणी वारशात दिलेली नाही, मी ती कमावून घातली. ज्यांच्या आज्याच्या डोक्यावर ती आयती होती त्यांनी ती काढून टाकली, आणि आता मला काढायला सांगतात.

मुलगी तेव्हा दुसरीत होती. रात्री जेवताना ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही तो निळा टी-शर्ट घाला ना."

"मी टी-शर्ट कधी घालतो?"

"झोपताना."

"मग तिथं झोपायला चाललोय का आपण?"

ती हसली नाही. "तिथं फुग्यांच्या कमानीखाली सगळ्यांचे फोटो काढणार आहेत. आई, पप्पा आणि मूल. मला हसतील."

"कोण हसतील? नाव सांग."

"सगळे," ती म्हणाली आणि ताटातला भात चिवडत बसली.

राग तिच्यावर नव्हता. माझी एकुलती एक मुलगी चारचौघांत माझ्या शेजारी उभी राहायला कचरत होती, आणि ते त्या एका ओळीनं केलं होतं. मी ठरवलं, जायचं आणि टोपी घालून, रीतीनं जायचं. आपल्या बापाला बघून लोक उठून उभे राहतात, हे तिनं एकदा डोळ्यांनी बघायला हवं होतं.

आमच्याकडे कोणाच्याही घरच्या शुभकार्याला गेलं की यजमानाला टॉवेल-टोपीचा आहेर करतात. टोपी आपल्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवायची, टॉवेल खांद्यावर, नारळ हातात. घरच्या बाईला खण. ज्याला टोपी मिळते तो ती निदान जेवणं होईपर्यंत डोक्यावर ठेवतो, मग तो एरवी टोपी घालणारा असो वा नसो. मी जुन्नरला जाऊन खरेदी केली. दुकानदार माझ्या ओळखीचा. त्याने आधी आहेराच्या गठ्ठ्यातला टॉवेल काढला, ज्यातून पलीकडचा माणूस दिसतो असला.

"हा कोणाच्या अंगाव टाकू? सुतकाचा हाय का?" मी म्हणालो.

"आहेराला हाच जातो शेठ. कोण वापरतंय?"

"वापरील तो. चांगला काढ. आन् किंमत सांगताना माझ्याकडं बघून सांग."

त्याने वरच्या फळीवरून जाड टॉवेल काढला, कडक टोपी काढली. "कार्य काय हाय?"

"वाढदिवस."

"पंच्याहत्तरी का?"

"सातवा."

"सात वर्साच्या पोराला टोपी?"

"पोराला न्हाई, त्याच्या बापाला."

"बापानं काय केलं?"

"पोरगं केलं न्हवं," मी म्हणालो. तो हसत राहिला, तेवढ्यात मी भाव पाडून घेतला.

फार्महाऊसवर पोचलो तेव्हा फाटकातच माझं डोकं तापलं. समोर हिरवळीवर बाप लोक उभे होते आणि एकजात सगळे अर्ध्या चड्डीवर. आमच्याकडे मोठा माणूस अर्ध्या चड्डीवर दिसतो तो पिकाला पाणी देताना. यजमान तर अनवाणी. त्याच्या शर्टावर अननसाची चित्रं. या घराच्या द्राक्षाच्या बागा आहेत, जमिनी पिढ्यान् पिढ्यांच्या आहेत, आणि माणूस पाहुण्यांसमोर उघड्या पोटऱ्या घेऊन फिरतोय. कपडे दुसऱ्याच्या घरी जाताना त्या घरासाठी घालायचे असतात. स्वतःसाठी माणूस घरात लुंगीवर बसतो. लोकांना बोलावून यजमानच चड्डीवर उभा राहिला, तर त्याचा अर्थ माझ्या हिशेबानं एकच होतो. आलेल्यांपैकी कोणासाठीही पँट घालायची त्याला गरज वाटलेली नाही. याला ते साधेपणा म्हणतात. मी याला माज म्हणतो.

बायकोनं काठापदराची साडी नेसली होती. यजमानीण बाई जीन्सवर पुढे आली, तिला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "अय्या, तुम्ही किती तयार होऊन आलात! मेसेज नाही का बघितला?"

"बघितला की," बायको म्हणाली आणि माझ्याकडे बघू लागली.

एका कोपऱ्यात यजमानाचे वडील खुर्चीत बसले होते. त्यांना मी ओळखतो, बाजारात त्यांना नेहमी टोपीत बघितलंय. त्या दिवशी त्यांच्या अंगात नारिंगी टी-शर्ट होता, छातीवर अस्वल. डोकं उघडं. कपाळाचा खालचा भाग उन्हानं रापलेला आणि वरचा, टोपीच्या जागेचा, पांढराफटक. जखमेवरची पट्टी नुकतीच काढावी तसा.

"दादा, टोपी कुठंय?"

"ठिवली घरात. आज नगं म्हनली सूनबाई. फोटूत वंगाळ दिसती."

"आन् तुमी ऐकलं?"

"नातवाचा दिस हाय. एका दिसानं काय व्हतंय, पावणं."

त्या चड्डीवाल्यांचा राग आला होता त्याहून जास्त मला या म्हाताऱ्याचा आला. ज्याच्या नावावर एवढी जमीन आहे त्याला आपल्या डोक्यावर काय ठेवायचं हे ठरवता येत नाही.

केक कापून झाला. मी पुढे गेलो, मुलाच्या हातात खेळणं दिलं आणि त्याच्या बापाला म्हणालो, "जरा थांबा." टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला, टोपी डोक्यावर ठेवली, नारळ हातात दिला. सगळ्यांच्या माना आमच्याकडे वळल्या. माझी मुलगी बघत होती. मला वाटलं, जमलं.

मग यजमानीण ओरडली, "किती क्यूट!" आणि टाळ्या पडल्या. त्या टाळ्या कशाच्या होत्या ते मला पाठ वळवून चार पावलं जाईपर्यंत कळलं नाही.

तिथे एका बाजूला फोटो काढायची जागा केली होती. काठीला चिकटवलेल्या कागदी मिशा, मोठे चष्मे, लाल ओठ, राजाचा मुकुट, असलं सामान एका टोपलीत. ज्याने त्याने उचलायचं आणि वेडावाकडा चेहरा करून फोटो काढायचा. मी पाणी पिऊन वळलो तर माझी टोपी त्या टोपलीत. एक चड्डीवाला ती घालून, नाकाखाली कागदी मिशी धरून, हात जोडून उभा होता. "राम राम पावणं, लई दिसानं!" बाकीचे पोट धरून हसत होते. मग दुसऱ्यानं घेतली. टॉवेल कोणीतरी पोहायच्या टाकीपाशी पाय पुसायला नेला होता.

मी यजमानासमोर जाऊन उभा राहिलो. "ती टोपी द्या."

"अरे शेठ, मजा चाललीये. रागावता काय?"

"टोपी द्या म्हणतो."

"तुम्हीच दिली ना? आता आमची झाली." मागे हशा.

"तुमच्या डोक्यासाठी दिली. टोपलीसाठी न्हाई."

"बरं बाबा, घालतो. झालं समाधान?" त्याने ती दुसऱ्याच्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर तिरकी ठेवली, मिशी धरली आणि फोटोवाल्याकडे बघून डोळा मारला.

मी हात लांब करून टोपी त्याच्या डोक्यावरून उचलली आणि खिशात घातली. केलेला आहेर परत घेणं हे आमच्याकडे कोर्टात भांडणाऱ्या भावकीतही कोणी करत नाही. मी ते सगळ्यांदेखत केलं. म्हणालो, "नारळ राहू द्या. चटणीला व्हईल."

म्हातारा खुर्चीतून म्हणाला, "पावणं, जाऊ द्या राव. पोरांचा खेळ हाय."

"पोरं तिकडं उड्या मारत्यात दादा. हे बाप हायेत."

कोणी हसलं नाही आता. यजमानीण बाईनं मात्र काही झालंच नाही असा आवाज लावून माइकवरून पुकारलं, पुढचं कुटुंब फोटोला या. पाळी आमची होती.

बायको दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, घरी चला."

"फोटो काढून जाऊ. बोलावलंय ना?"

मी जाऊन कमानीखाली उभा राहिलो. बायको शेजारी, मध्ये एक जागा सोडून. मुलगी मैत्रिणींच्या घोळक्यातून निघाली आणि कमानीच्या कडेला येऊन थांबली.

"ये," मी म्हणालो.

"टोपी काढा, मग येते." हळूच म्हणाली, पण फोटोवाल्यानं ऐकलं. मी टोपीला हात लावत नाही बघून ती आणखी जवळ आली. "हातात धरा नुसती. फोटो झाला की लगेच घाला. मी आईला सांगणार नाही तुम्ही काढली होती म्हणून."

आई तिथेच उभी होती. पण पोरीनं देकार चांगला दिला होता, माझ्याच रक्ताची आहे. एरवी मी कोणाशीही अर्ध्यावर यायला तयार असतो, फक्त मधे कोणी तिसरा नको. इथे तिच्या मागे ते सगळे उभे होते, हातात ग्लास घेऊन, बघत. त्यांच्यासमोर टोपी उतरवली असती तर ती मुलीच्या शब्दासाठी उतरली नसती, त्यांच्या मेसेजसाठी उतरली असती.

"न्हाई," मी म्हणालो.

ती वळली आणि घोळक्यात गेली.

फोटोवाला चाचरत म्हणाला, "काढू का?"

"काढ."

तो फोटो दुसऱ्या दिवशी ग्रुपवर आला. फुग्यांच्या कमानीखाली आम्ही दोघं आणि मध्ये मोकळी जागा. कोणीतरी त्याच्यावर हसरं तोंड टाकलं. मी ग्रुप सोडला नाही. सोडला असता तर त्यांना तेच हवं होतं.

पुढे मुलीचा वाढदिवस आला. मी जाहीर केलं, घरी करू, सगळा वर्ग बोलावू, आणि मेसेज मी लिहीन. पालकांनी अंगभर कपड्यांत यावं, आणि येणाऱ्या प्रत्येक बापाचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार होईल. मुलीनं ऐकलं आणि म्हणाली, "मग मला वाढदिवसच नको." मला वाटलं, एक-दोन दिवसांत हट्टावरून उतरेल. ती उतरली नाही, आणि मेसेज लिहिलेला तसाच राहिला, पाठवला नाही. वाढदिवसाच्या सकाळी बायको तिला घेऊन माहेरी, डिंगोऱ्याला गेली. मला म्हणाली, तुम्ही तुमचा मेसेज सांभाळत बसा.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. "दाजी, निघा की. केक आणलाय, समदी थांबल्यात."

"तिला इचार, कसा येऊ?"

पलीकडे कुजबुज झाली. मग तो हसत म्हणाला, "म्हनती, टोपी घालून आलं तरी चालंल. हितं समद्याच मामांच्या डोक्याव हाय."

मी गाडी काढली. रस्ताभर डोकं शांत होईना. म्हणजे पोरीला टोपीची लाज नव्हतीच. ती फक्त बघायची, कुठे आपल्यासारखे जास्त आहेत आणि कुठे कमी, आणि त्याप्रमाणे बापाला जवळ घ्यायची किंवा लांब ठेवायची. सात वर्षांच्या पोरीला हे घरात कोणी शिकवलं नाही. ती हे त्या हिरवळीवर शिकली.

डिंगोऱ्याला ती दारातच उभी होती. माझा हात धरून आत घेऊन गेली आणि मला नेऊन मामांच्या मध्ये उभं केलं, स्वतः माझ्या पुढ्यात. मेहुण्यानं मोबाईल काढला. पांढऱ्या कपड्यांच्या आणि टोप्यांच्या त्या रांगेत तिचा बाप कोणता, हे अनोळखी माणसाला सांगता आलं नसतं. ती मोकळी हसली. मी हसलो नाही. त्या अननसवाल्याला मी हे कधीही माफ करणार नाही.