दोन्ही भाव सांगणारा माणूस

"काका गेले," काकी फोनवर म्हणाली. आदल्याच दिवशी सेतुकाका मला म्हणाले होते की उद्या पापनाशमला शेताकडे जाऊन येतो. म्हणून मी विचारलं, "सकाळच्या बसनं गेले का?" पलीकडे काकीच्या हातातून शेजाऱ्यांनी फोन घेतला. चपला घालायला म्हणून काका ओसरीवर बसले, ते उठलेच नाहीत. याला सात आठवडे झाले, पण मी विचारलेला तो प्रश्न अजून माझ्या कानांतून जात नाही.

सेतुराम राव माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात तंजावूरला आलेलं; घरात बोलायचं मराठी, लिहायचं मात्र तमिळ. देवनागरी मी पुण्याला आल्यावर शिकले. काका तरुणपणी मद्रासला गेले आणि तिथल्या शेअर बाजारात जॉबर झाले. जॉबर म्हणजे रिंगणात उभं राहून एकाच शेअरचे दोन भाव ओरडून सांगणारा माणूस: इतक्याला घेतो, इतक्याला देतो. त्या दोन भावांमधल्या थोड्याशा फरकावर त्यांचं घर चाले. एकदा बाजार कोसळला, तेव्हा बाकीचे जॉबर कॉफी प्यायच्या निमित्तानं बाहेर सटकले. काका एकटेच बाजार बंद होईपर्यंत भाव देत राहिले. त्या दिवशी बसलेला त्यांचा घसा पुढं कधी पुरता सुटला नाही. "विकायला आलेल्या माणसासमोर कुणीतरी उभं पाहिजे की," एवढंच ते त्यावर म्हणत.

आणि त्याच रिंगणाच्या जागी संगणक आणणाऱ्यांत मी होते. इंजिनियर होऊन मला वर्षही झालं नव्हतं. आम्ही लिहीत होतो तो प्रोग्रॅम घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ आपोआप घालून देणार होता. मधल्या माणसाची गरजच उरणार नव्हती. माझं काम मात्र अडलं होतं, कारण रिंगणातले कितीतरी नियम कुठं लिहिलेलेच नव्हते. एक दिवस आमचे साहेब रंगराजन यांनी त्या नियमांची टाइप केलेली जाडजूड टिपणं माझ्यापुढं ठेवली. ती कुणी दिली, हे मी विचारलं नाही.

स्क्रीन सुरू झाले आणि काही महिन्यांत रिंगण ओस पडलं. काका तंजावूरला परतले, एका शाळेत गणित शिकवू लागले. त्याबद्दल मला ते कधी एक शब्द बोलले नाहीत. मीच तोंड चुकवत राहिले. फोनवर बोलायची, पण सणाला तंजावूरला गेले तरी खालच्या मजल्यावरच जेवून निघायची.

तेराव्याला रंगराजन चेन्नईहून आले. आता तेही थकलेत. जेवण झाल्यावर हात पुसता पुसता ते सहज म्हणाले, "ती टिपणं राव सरांनीच मला सांगितली, मी लिहून घेतली होती. तीन आठवडे रोज माझ्याकडे यायचे." मला वाटलं, ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. मी पुन्हा विचारलं.

"तुझे काकाच, सुगुणा. मी त्यांना म्हटलंसुद्धा, हे यंत्र तुमचंच काम घेणार. तर म्हणाले, ते येणारच आहे. आमची पोर आहे त्यात, तिचं अडायला नको."

मी तशीच स्वयंपाकघरात काकीपाशी गेले. "तुला ठाऊक होतं?"

"होतं की," ती म्हणाली. "सुगुणाला सांगू नको म्हणाले. कळलं तर ती काम सोडेल म्हणाले." आणि मग, "वर जाऊन ये एकदा. त्यांच्या खोलीत तू कधी गेलीच नाहीस..."

वरच्या खोलीत एक खाट, शाळेची पुस्तकं, खिडकीखाली मेज. मेजासमोरच्या भिंतीवर, खुर्चीत बसलं की नेमका डोळ्यांपुढं येईल असा, वर्तमानपत्रातून कापलेला एक फोटो चौकटीत घालून लावलेला होता. स्क्रीन सुरू झाले त्या सकाळचा. नव्या यंत्राभोवती आम्ही सगळे उभे. कागद पिवळा पडलाय, तरी चेहरे ओळखू येतात. मधोमध मी आहे, आणि हसते आहे.