वर्षाचं काही चुकलं नाही

कळंबला एका साखरपुड्यात पंगत बसायला उशीर होत होता आणि पाहुण्यांना गोष्टी सांगून थोपवून धरायला नेहमीप्रमाणे मला पुढं केलं होतं. आमच्या खानदानात माझा उपयोग एवढाच. गोष्ट रंगात आली असताना सुधीरचा, म्हणजे माझी चुलत बहीण वर्षा हिच्या नवऱ्याचा, फोन आला. "दादा, वर्षा गेली." मी विचारलं, "कुठं गेली?" …इतका मी हुशार. त्याच्या मागून कुणाचा तरी आवाज आला, आर्णी रोडवर, पुलासाठी खोदलेल्या खड्ड्यात, स्कूटीसकट.

महिना उलटून गेला. मला रडू आलं नाही, राग आला, आणि तो काही केल्या उतरत नाही. दवाखान्याच्या आवारातच पहिलं वाक्य कानावर पडलं, "जपून चालवायला पाह्यजे होतं बाईनं." मग भेटायला येणारा प्रत्येक जण चपला काढून, सतरंजीवर टेकून हेच म्हणू लागला. पोलिसांनी लिहिलं तेही हेच, फक्त जड मराठीत. आणि वर्षा आयुष्याची शेवटची काही वर्षं याच वाक्याशी भांडत होती. तेच तिचं काम होतं. तिच्या मागं हे वाक्य तिच्यावरच चिकटवून मोकळे झाले लोक.

वर्षा यवतमाळच्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, ऑफिसात होती. कापसाच्या गाड्या आल्या की फाटकावर पावत्या फाडायच्या, कुणाचा नंबर कधी ते सांगायचं, भांडणं सोडवायची. भांडण सोडवताना ती स्वतःच दुप्पट भांडायची, ते वेगळं. मग ती वर्षं आली… बोंडअळीनं उभं पीक पोखरलं, भाव पडले, फाटकाबाहेरची रांग आखडत गेली, आणि एका दिवाळीनंतर मालकानं जिनिंग सुरूच केली नाही. वर्षा चाळिशीला टेकलेली. आम्ही सगळ्यांनी सल्ले दिले. मी तर पापडाच्या धंद्याचं नावसुद्धा सुचवलं. तिनं लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर भलतंच शिकायला घेतलं, यूएक्स डिझाईन.

"म्हणजे काय करशील तू?" मी विचारलं.

"मोबाईलवरचं बटन कुठं असावं, त्यावर काय लिहावं, हे ठरवीन. अन् माणसाले ते कळते का पाहीन."

"याचे पैसे देतात?"

"तुले गप्पा मारायचं जेवण देतात ना दादा? मंग मले काहून नाही देणार?"

हे खूळ कुठून आलं ते मला ठाऊक होतं. तेव्हा कापूस विकायला मोबाईलवर नोंदणी करावी लागू लागली होती, आणि जिनिंगच्या ओळखीची म्हातारी माणसं फोन घेऊन तिच्याकडे यायची. सगळं भरून झालं की पडद्यावर लाल अक्षरं उमटायची, 'आपण चुकीची माहिती भरली आहे.' काय चुकलं ते नाही. कुठं चुकलं ते नाही. आणि ज्यानं सगळ्या जन्मात कापसाशिवाय काही केलं नाही तो माणूस ओशाळून म्हणायचा, "मायंच काई चुकलं असंन पोरी." वर्षा चवताळायची. "तुमचं नाही चुकलं, काका. ज्यानं हे बनवलं त्याचं चुकलं." पुढं शिकताना तिला समजलं की या कामाचा पहिला नियमच हा आहे. माणूस अडखळला तर दोष वस्तूचा धरायचा.

तिनं त्याच नोंदणीचे मोबाईलवरचे पडदे नव्यानं पुठ्ठ्यांवर काढले आणि नातेवाईक, शेजारी, जो दारात येईल त्याला बसवून दाखवले. सगळ्यांना सगळं जमलं. सगळे म्हणाले, छान आहे. हे घेऊन ती पुण्याच्या एका कंपनीच्या ऑनलाइन मुलाखतीला बसली. समोर तीन पोरं, तिच्या लेकीहून थोडीशी मोठी. एक हसून म्हणाला, "मॅडम, एकालाही अडचण आली नाही? मग आमची गरजच काय?" दुसऱ्यानं विचारलं, या वयात इकडे का वळावंसं वाटलं. तिसरा तोंड लपवून हसत होता. त्या तिघांवरचाही माझा राग अजून शिल्लक आहे, आत्ताच सांगून ठेवतो.

वर्षानं लॅपटॉप मिटला आणि तडक गेली ती बापूकाकांकडे. हे तिचे चुलत सासरे, निवृत्त हेडक्लार्क, एका शब्दाचा फरक न खपवणारे. "खरं सांगा, तुम्हाले समजलं होतं ते?"

"नाही."

"मंग छान काहून म्हणाले?"

"अवो सूनबाई, तुह्या घरचा चहा पिऊन तुह्याच कामाले नाव ठेवू काय?"

तिथं तिची ट्यूब पेटली. आमच्याकडे पाणी, चहा झाल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत, आणि ज्याच्या घरचा चहा पोटात गेला त्याच्या वस्तूत खोड काढत नाहीत. तिनं प्रत्येकाला आधी चहा पाजला होता, मग विचारलं होतं. त्या दिवसापासून तिच्या घरी आधी पुठ्ठे, मग चहा. यवतमाळभर बदनामी झाली. सासू रुसली. एक व्याही तर पुठ्ठ्याला हात न लावता उठून गेले. वर्षा समोर गप्प बसायची, मदत करायची नाही, फक्त विचारायची, "काय दिसते?" माझी पाळी आली तेव्हा मी बोट जिभेला लावून पुठ्ठा सरकवायला गेलो आणि पुठ्ठाच फाडला. ती हसली नाही. म्हणाली, "तू नाही चुकला दादा. सरकवायचं आहे असं वाटलं तुले, म्हणजे मायं चित्र चुकलं."

दुसऱ्या कंपनीला तिनं कोण कुठं अडखळलं तेवढंच दाखवलं. त्यांनी घेतलं तिला, यवतमाळात घरी बसून काम करायचं. निरोप आला तेव्हा ती सासूला म्हणाली, "आता मांडा चहा, आज पुठ्ठ्यांच्या आधीच मांडा." नोकरीच्या त्या काळात ती आर्णीच्या बाजारात जायची, अनोळखी माणसांना पडदे दाखवायची, दिवेलागणीला परतायची.

अशीच परतत होती. अर्धा रस्ता खोदलेला. फलक नाही, दिवा नाही. इशारा म्हणून चार दगड आणि त्यांवर बाभळीची एक वाळकी फांदी. ठेकेदाराच्या ऑफिसातल्या साहेबांना भेटायला आम्ही गेलो तर ते म्हणाले, "फांदी ठेवली होती ना. लोक पाहून चालत नाहीत." लाल अक्षरांत उमटायचं तेच वाक्य, आता खुर्चीत बसून बोलत होतं.

पहिल्या मासिक श्राद्धाला सगळे जमले. बापूकाका म्हणाले, "घाई होती तिले. नोकरीची घाई." सुधीरनं मोटरसायकलची किल्ली उचलली. "बसा काका मागं." मी माझ्या स्कूटरवर त्यांच्या मागोमाग. दिवे लागले होते. बरंच अलीकडे त्यानं वेग उतरवला आणि विचारलं, "काय दिसते?"

"रस्ता."

चालण्याच्या गतीनं पुढं. "आता?"

"रस्ताच दिसून राह्यला, बा." समोरून ट्रकचा उजेड डोळ्यांत आला. सुधीर तसाच पुढं. मग बापूकाकांनी त्याचा खांदा गच्च धरला. "थांब. थांब ना." चाक दगडांपासून हातभर अंतरावर होतं. काका उतरले, त्यांनी फांदीला हात लावून पाहिला. "काहीच दिसत नाही रे," ते म्हणाले. मग खाली बसले आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिथं बांबू रोवले, चमकणारी लाल पट्टी बांधली. ठेकेदाराचे डंपर ती तोडतात, आम्ही पुन्हा बांधतो. सुधीर रोज संध्याकाळी पाहून येतो, पण एकटा जात नाही. म्हणतो, "मले ठाऊक आहे खड्डा कुठं आहे. म्हणून मले दिसतेच. नवा माणूस पाह्यजे." भेटायला आलेला पाहुणा त्या रस्त्यानं कधी गेलेला नसला की सुधीर किल्ली उचलतो, त्याला मागं बसवतो, आणि तिच्यासारखंच विचारून गप्प राहतो. पण आता घरचे पाहुणे संपत आले.

ठेकेदाराच्या साहेबांना एकदा मागं बसायला या म्हणून निरोप धाडला आहे. चौकशी केली तर कळलं, ते त्या जागी अजून एकदाही गेलेले नाहीत. म्हणजे अगदी हवा तसा नवा माणूस. सुधीर रोज दिवेलागणीला गाडी काढून घरच्या फाटकात उभी ठेवतो.