राणोजीला लावलेला शेंदूर

"आजोबांचे आजोबा कोण?"

कोणाच्याही घरी गेलं की पाण्याचा तांब्या हातात घेण्याआधी मास्तर हे विचारत. यजमान वडिलांचं नाव सांगे, आजोबांचं सांगे, पणजोबांचं जरा आढ्याकडे बघून सांगे आणि तिथं अडे. श्राद्धात पिंड तीनच. चौथं नाव लक्षात ठेवायची कुणाला गरज पडत नाही. मास्तर मान हलवत. "झालं! चौथ्याला दिलात सोडून वाऱ्यावर." मग पाणी पीत.

कराडात आमच्या भिंतीला भिंत लागून ते राहत. शाळेतून निवृत्त झालेले, बायको तरुणपणीच गेलेली, मूलबाळ नाही. मी कचेरीत कारकून. सहा दिवस मान मोडून लिहिल्यावर रविवारी माणसानं आडवं व्हावं की नाही? पण सकाळी यांची काठी दारावर वाजायची. "चला, तुमचे पाय चांगले आहेत." माझे पाय अजिबात चांगले नव्हते. नाही म्हणता येत नसे, एवढंच.

गावाबाहेरचे दगड हा मास्तरांचा उद्योग. नदीकाठच्या समाध्या, वाटेवरचे वीरगळ, कुणाकुणाच्या पादुका. निम्मे दगड पालथे पडलेले. कुणाच्या पणजोबावर धुणं आपटलं जाई, कुणाच्या पणजीला रेडकू बांधलेलं असे. ज्यांचं नशीब बरं, त्यांना लोकांनी शेंदूर फासून देव केलेलं. मास्तरांचा खरा राग या शेंदरावर. "अहो, माणूस होता तो! जेवायचा, खोकायचा, बायकोशी भांडायचा. यांनी देव केला आणि नाव घालवलं." तेल लावून, बांबूच्या कामटीनं ते शेंदराची पुटं खरवडत बसत आणि मी उन्हात छत्री धरून उभा.

म्हसवडकडच्या एका गावात त्यावरून आम्ही मार खाता खाता वाचलो. "आवं मास्तर, आमच्या देवाची सोयरीक जुळवाय आलाय व्हय?" एक गडी अंगावर आला. मास्तर शांतपणे म्हणाले, "तुझाच कुणीतरी असेल. आजोबांचे आजोबा कोण तुझे?" तो वडील, आजा, पणजा म्हणून अडला, आणि आम्ही तेवढ्यात वाटेला लागलो.

ते लढाईचे दिवस होते. कृष्णेकाठच्या एका गावात एक म्हातारी राहत होती. तिचा एकुलता एक मुलगा, शिरपती, पलटणीत होता. तो समुद्रापार पडल्याची तार आली, बाकी काही आलं नाही. मास्तरांनी सवयीनं तिलाही आजोबांचे आजोबा विचारले. ती म्हणाली, "आवं, नवऱ्याचं नाव घ्यायची चोरी, त्येच्या आज्याच्या आज्याचं कुटनं घेऊ?" मी हसलो. ती हसली नाही. "राख न्हाई, हाड न्हाई. पोराला पानी सोडू कुटं, त्ये सांगा आदी."

मास्तर त्या दिवशी पाणी न पिताच उठले.

आमच्याकडे सीमेकडून हेळवी येतात. बैलावर बसून दारोदार फिरतात आणि ज्याच्या त्याच्या घराण्याची नावं तोंडपाठ म्हणतात. अशा एका हेळव्याच्या मागं मास्तर कडेगावपर्यंत चालत गेले आणि ताप घेऊन परतले. पण शिरपतीचा खापरपणजा घेऊन परतले. राणोजी! मग आम्ही त्या गावचा नदीकाठ धुंडाळला. गवतात पालथा पडलेला एक दगड चार माणसं लावून उलटला. वर शिवपिंड, खाली दोन पावलं आणि पावलांखाली राणोजीच्या नावाची अक्षरं. म्हातारीला वाचता येत नव्हतं. मास्तरांनी तिचं बोट धरून एकेका अक्षरावरून फिरवलं.

तेव्हापासून दर अवसेला ती तिथं तांब्याभर पाणी ओती. "शिरपती, घे रं लेकरा. तुज्या खापरपणज्यापाशी ठेवलंय." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मास्तर नाक शिंकरायला नदीकडे गेले.

पुढं सडक रुंद करायचं निघालं. ठेकेदाराला खडी हवी होती आणि नदीकाठचे दगड त्याला फुकटात दिसले. मास्तरांनी अर्ज केला. मीच तो साहेबांपुढं ठेवला.

साहेब म्हणाले, "कुठल्या देवाचा दगड आहे?"

"देवाचा नाही. माणसाचा आहे," मास्तर म्हणाले.

"मग अडचण काय?"

मास्तरांकडे उत्तर होतं, बरंच लांबलचक होतं, पण साहेबांनी पुढचा कागद उचलला होता. जिना उतरताना त्यांनी कधी नव्हे तो माझा खांदा धरला.

फोडणारे आले. समाध्यांची रांग एका टोकापासून खडी होत चालली. दुपारी ती माणसं भाकरी खायला झाडाखाली गेली, तेव्हा राणोजीच काय तो शिल्लक होता. मास्तरांनी पिशवीतून तेलाची बाटली काढली. मला वाटलं, नेहमीचं काम. मग त्यांनी शेंदराची पुडी काढली.

मी म्हणालो, "मास्तर, हे काय?"

"धरा ती बाटली," ते म्हणाले.

पावलांवर शेंदूर लागला, मग अक्षरांवर. तळव्यानं दाबून दाबून ते लावत होते. अक्षरं बुजत गेली आणि दिसेनाशी झाली. माणसं परतली, ओला शेंदूर पाहून हातातले घण खाली ठेवले, पायातली पायताणं काढली. "देव हाय व्हय? आदी सांगायचं न्हवं!"

परत येताना मास्तरांनी नदीत हात धुतले. नखांतला रंग काही निघेना. ते घासत राहिले, मी बघत राहिलो.

दगड वाचला, पण देवाला गाव लागतंच. त्याचा म्हसोबा झाला, चौथरा झाला, कोंबडी पडू लागली. त्या गावात बायका म्हसोबापुढं जात नाहीत. एक जाणता म्हातारीला म्हणाला, "लांबनंच हात जोड आता. बाईची सावली चालत न्हाई ह्येला."

मास्तर धावत गेले. सगळं खरं सांगून टाकलं. "अहो, देव नाही तो! मी लावला शेंदूर, माझ्या या हातांनी!"

लोक कौतुकानं हसले. "तुमच्या हातनं लावून घेतला बगा त्येनं."



मग अवसेला मास्तरच जाऊ लागले. म्हातारी लांब एका बाभळीपाशी उभी राही, तिच्याकडून तांब्या घेऊन ते चौथऱ्यावर चढत. गुडघे कुरकुरत. बाभळीखालून ती सांगे, "म्हणावं, आई हितंच हाय." मास्तर ओशाळून दगडाला हळूच सांगत, "आई इथंच आहे रे." बाकीची गावं, बाकीचे दगड, सगळं सुटलं. तो प्रश्नही ते कुणाला विचारीनासे झाले. एकदा वाटेत बसले असताना म्हणाले, "तिच्याकरता राखायला गेलो आणि तिच्याकडूनच काढून घेतला हो." मी काहीबाही समजूत घातली. ती त्यांना पटली नाही, मलाही नाही.

त्या थंडीत मास्तर गेले. चुलतपुतण्याला कळवलं होतं, तो आला नाही. अग्नी मी दिला.

पुढच्या अवसेला मी एकटाच त्या गावी गेलो. म्हातारी तांब्या घेऊन बाभळीपाशी उभी होती. तिला कळलं होतं. मी हात पुढं केला. तिनं तांब्या दिला नाही. पदर खोचला आणि सरळ चौथऱ्याकडे निघाली.

जाणता तिथंच बसला होता. तो ताडकन उठला. "आगं, कोपंल त्यो!"

"कोपू दे. काय न्यायचं ऱ्हायलंय त्येनं माजं?"

त्याला बाजूला सारून ती वर चढली. शिरपतीचं नाव घेऊन तिनं अर्धा तांब्या ओतला. मग माझ्याकडे वळली. "मास्तरांचं नाव काय हुतं वं?"

मी सांगितलं. इतक्या वर्षांत ते नाव माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं असेल.

तिनं ते दोनदा पुटपुटून बघितलं. उरलेलं पाणी दगडावर सोडलं आणि मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, ते नाव घेतलं. म्हणाली, "ह्यांच्यातच बसा. आमच्याच घरातलं तुमी."