शेवटचा वन्स मोर

मास्तर गेल्याची बातमी आमच्या घरात व्हॉट्सअ‍ॅपवर आली नाही. ती मोटरसायकलवर आली. मंडईच्या गावाहून काकाजी आणि मी सकाळी परतलो, गाडी अंगणात लावली, आणि चहाचा कप पुढे करणाऱ्या काकूंना काकाजी म्हणाले, "मास्तर गेले. माझ्या वन्स मोरवर गेले."

आवाजात रडणं होतं, खोटं कशाला बोलू. पण रडण्याच्या खाली आणखी काही होतं. पोरगं मेरिटमध्ये आल्याचं सांगताना बापाच्या आवाजात येतं, तसलं काहीतरी. काकूंनी कप त्यांच्या हातात न देता ओट्यावर ठेवला.

आमच्या भंडाऱ्याकडची रीत माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि पाळणे, रात्री नाटक. जेवणं आटोपून सुरू झालेलं नाटक सूर्य निघाल्यावर संपतं. गाणं आवडलं की लोक वन्स मोर देतात, आणि दिलेला वन्स मोर नटाला घ्यावाच लागतो. मध्ये पात्र मेलं असलं तरीही. मेलेला माणूस उठतो, धोतर झटकतो, खाटेवर जाऊन पुन्हा खोकायला लागतो. घरी आलेला मुलगा पुन्हा विंगेत पळतो, सून डोळे पुसून पुढच्या रडण्याची तयारी करते. प्रेक्षकांतल्या एकालाही यात वावगं वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं, कारण त्या वेळी मी बहुधा झोपलेला असायचो.

मास्तर या मरणाचे राजे होते. राहणार नदीपलीकडच्या कारध्याचे, घर ढिवराचं. वर्षभर वैनगंगेत जाळं टाकायचे आणि मंडईच्या हंगामात नाटकात बापाचं काम करायचे. तो बाप परगावी गेलेल्या मुलाची वाट बघत, पहाटेची भैरवी गात मरायचा. भैरवी सुरू झाली की शेंगदाणे फोडणारे हात थांबत. तो आवाज थेट पोटात शिरायचा आणि आपण ज्याला ज्याला ताटकळत ठेवलं तो तो आठवायचा. मी जागा असायचो तेव्हा मलाही बाबा आठवायचे. मग मी पुन्हा झोपायचो.

काकाजी माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. आम्ही मूळचे विणकर. मागावर बसलेले शेवटचे म्हणजे काकाजी. मी विणकराचा पोरगा, पण ताणा कोणता आणि बाणा कोणता हे अजून नीट सांगता येत नाही. मी दुकानात तयार गाऊन विकतो, आणि मागाच्या खड्ड्यात सध्या इन्व्हर्टर बसवलेला आहे. आजोबा गेले तेव्हा काकाजी रडले नव्हते. मास्तर मात्र त्यांना दरवर्षी रडवायचे, आणि रडून झालं की काकाजी उभे राहून, हात वर करून त्यांना पुन्हा मरायला लावायचे. ही सवय घरातही शिरली होती. चहा संपला की रिकामा कप पुढे करून ते काकूंना म्हणत, "वन्स मोर." काकू पुन्हा भरत. मास्तरांसारखंच त्यांनाही नाही म्हणायची सोय नव्हती.

त्या वर्षी पावसाळ्यापासून मास्तरांचा दम जाऊ लागला. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. हंगाम तोंडावर आलेला, सुपाऱ्या घेतलेल्या, मास्तर ऐकेनात. हे आम्हाला कळलं मासळीबाजारात. मास्तरांची बायको, आम्ही सगळे तिला मास्तरीणच म्हणायचो, भंडाऱ्याच्या बाजारात मासे विकायची. माझी बायको तिच्याकडून झिंगे घेत होती. झिंगे तोलता तोलता मास्तरीण तिला म्हणाली, "तुमच्या काकाजीले सांगा न बाई. यावर्षी एकडाव मरू द्या म्हणावं त्यायले. दुसऱ्यांदा उठाले दम नाही रायला." आणि मूठभर झिंगे वरून टाकले.

निरोप माझ्यामार्फत जायचा होता, कारण घरात काकाजींशी बोलायचं धाडस फक्त माझ्यात आहे असं माझी बायको मानते. काकूंनी कप दुसऱ्यांदा भरून दिला तेव्हा मी विषय काढला. काकाजींना रागच आला. "म्हणजे मी काय कसाई आहो का?" म्हणाले. यावर्षी मुकाट्याने बसेन, असा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. डोकं स्वतःचं का नाही, असं मला वाटून गेलं होतं.

मंडईच्या गावी आम्ही पहिल्या रांगेत उजवीकडे बसलो. डावीकडे तुमसरचे एक शेठ, राईस मिलवाले, आपल्या हमालांना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून घेऊन आलेले. शेठ आणि काकाजी मास्तरांचे सारखेच भक्त, आणि म्हणूनच एकमेकांचे हाडवैरी. कोणाच्या वन्स मोरवर मास्तर किती वेळा मेले, याचा हिशेब दोघांनाही तोंडपाठ. मास्तरांना तो बहुधा माहीत नसावा.

पहाटे भैरवी लागली. थंडीत लोकांनी चादरी डोक्यावरून घेतल्या होत्या. त्या दिवशी मी जागा होतो, जबाबदारी होती ना. मास्तर इतकं हळू गायले की मागच्या लोकांना पुढे वाकावं लागलं. मान कलली, हात खाटेवरून खाली आला. विंगेतल्या बांबूजवळ मास्तरीण उभी होती, हात जोडून. ती मास्तरांकडे बघत नव्हती, आमच्या रांगेकडे बघत होती. काकाजी स्वतःच्या दोन्ही हातांवर बसलेले होते, अक्षरशः मांडीखाली हात दाबून. मला त्यांचा अभिमान वाटला.

तेवढ्यात डावीकडून शेठचा आवाज आला, "वन्स मोर!"

मास्तर उठले. खाटेचा खूर धरून उठले. दुसऱ्यांदा गाताना त्यांनी एक कडवं गाळलं आणि मधल्या जागेत नुसता श्वास घेतला. लोकांना तीही नवी हरकत वाटली, कोणीतरी वाहवा दिली. मास्तर दुसऱ्यांदा मेले. शेठने आमच्याकडे बघून मिशीवरून बोट फिरवलं.

एवढंच झालं. बोट फिरवलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचार आता मी करत नाही. काकाजींचे हात मांडीखालून निघाले. मी त्यांची शाल ओढली. शाल माझ्या हातात आली, काकाजी आले नाहीत. ते उभे राहिले होते आणि त्यांनी असा वन्स मोर दिला की पाळण्यावाल्याचं कुत्रं भुंकायला लागलं.

मास्तर थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग एक डोळा उघडला. आवाज त्यांनी ओळखला असणार, इतक्या वर्षांचा होता. उठले. तिसऱ्यांदा त्यांनी फक्त पहिली ओळ म्हटली आणि जिथे मान कलायची त्याच्या कितीतरी आधी मान कलली. पेटीवाला सूर धरून बसला, मास्तर पुढची ओळ घेतील म्हणून. मंडपाला वाटलं, मास्तरांनी नवीन मरण काढलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या, मागच्या पोरांनी तिसरा वन्स मोर सुरू केला आणि तो बराच वेळ चालला. मास्तरीण चपलांसकट रंगमंचावर धावली. माझ्या शेजारचा माणूस कौतुकाने म्हणाला, ही नवीन बाई चांगली रडते.

दुपारपर्यंत सगळ्यांच्या स्टेटसवर मास्तर होते. प्रत्येकाने स्वतःचा त्यांच्यासोबतचा फोटो टाकला, आणि अर्ध्या फोटोंत मास्तर डोळे मिटलेले होते, कारण मरणाच्या प्रसंगाचाच फोटो सगळ्यांनी काढलेला. मीही टाकला. माझ्या फोटोत मास्तर नव्हते, मंडपाचा खांब होता, पण लोकांनी हात जोडून पाठवले.

स्मशानात गर्दी खूप झाली. मास्तरांना नदीकाठी नेताना खांद्यासाठी ढकलाढकली झाली, तिरडी एकदा तिरपी झाली. मास्तरीण मागे बायकांत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं तिच्याकडे काय होतं, हे लोकांना पुढे शोकसभेत सुचलं.

दोन दिवसांनी तुमसरच्या चौकात बॅनर लागला. हात जोडलेले शेठ मोठे, वर कोपऱ्यात मास्तर लहान, आणि खाली लिहिलेलं की मास्तरांनी अखेरचा वन्स मोर शेठच्या शब्दावर घेतला. कोणीतरी त्याचा फोटो काकाजींना पाठवला. त्या दिवशी काकाजी जेवले नाहीत. काकूंना वाटलं, आता कुठे दुःख बाहेर आलं. काकाजी मला म्हणाले, "दुसरं मरण त्याचं होतं. तिसरं माझं. तू होता ना बाजूले?" मी होतो. शाल अजून माझ्याच डिक्कीत होती.

भंडाऱ्याला शोकसभा झाली, तिथे वाद उघड झाला. शेठचं म्हणणं, तिसरं मरण पुरं झालंच नाही, गाणं एका ओळीवर तुटलं, सबब ते धरायचं नाही. शेवटचं पूर्ण मरण त्यांचं. काकाजींचं म्हणणं, मरण अपुरं कसं, माणूस तर पूर्ण मेला. दोन्ही बाजूंनी लोक उठून बोलले. पेटीवाल्याला साक्षीला बोलावलं तर तो म्हणाला मी खाली पट्ट्या बघत होतो, आणि घरी निघून गेला. शेवटी ठरलं की मास्तरीण विंगेत उभी होती, तिने सगळं बघितलं आहे, तिलाच तेरवीला विचारायचं. मास्तरांना श्रद्धांजली वाहायची राहून गेली.

तेरवी कारध्याला, त्यांच्याच अंगणात. बुंदी, वांग्याची भाजी, भात. जाळं कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं. भक्त पोटभर जेवले. काकाजींनी मला आधीच बजावून ठेवलं होतं की तिचं बोलणं मोबाईलमध्ये घे, मग शेठचं तोंड बंद. मी मोबाईल खिशातून अर्धा बाहेर काढून ठेवला. कोणाला कळणार नाही असं मला वाटलं. मास्तरणीने आधी मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे.

शेठ हात धुवायला गेलेले बघून काकाजी दाराशी गेले. मान खाली घालून, अगदी नम्रपणे त्यांनी विचारलं, शेवटचा वन्स मोर कोणाचा होता.

मास्तरीण उंबऱ्यावर बसली होती. तिने काकाजींचं तोंड नीट निरखून बघितलं. मग म्हणाली, "तुमचाच होता, भाऊ. मी हात जोडून तुमच्याकडंच तं पाहून राहिली होती."

काकाजींनी तिच्या पायाला हात लावला. डोळे भरले होते त्यांचे. परत येताना कारध्याच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. मला वाटलं, आता ते नदीकडे बघतील, काही बोलतील. त्यांनी विचारलं, "आलं ना मोबाईलमध्ये?"

आलं होतं. घरी आल्यावर त्यांनी ते मला त्यांच्या मोबाईलवर टाकायला लावलं आणि ऐकलं. 'तुमचाच होता, भाऊ' ऐकून मान डोलावली. पुढचं वाक्य आल्यावर म्हणाले, एवढं मागचं काप. मला कापता येत नाही. गाऊनची बाही कापता येते, तीही वाकडी. मग काकाजींनी स्वतःच युक्ती काढली. लावायचं, 'भाऊ' आला की अंगठा दाबायचा. सरावाने इतकं जमलं की ऐकणाऱ्याला पुढे काही आहे अशी शंकाही येत नसे. दूधवाल्याला ऐकवलं, जावयाला ऐकवलं. जावई दोनदा ऐकून गेले.

हे तुमसरला पोचलंच. एका रविवारी शेठ स्वतः आले. काकूंनी दोघांपुढे चहा ठेवला. शेठ म्हणाले, ऐकवा. काकाजींनी आपला चहा एका दमात संपवला, मोबाईल मधोमध ठेवला आणि लावलं. 'तुमचाच होता, भाऊ.' अंगठा.

शेठ मोबाईलकडे वाकले. म्हणाले, "अजून एक डाव लावा."

वन्स मोर नाकारणं काकाजींच्या रक्तात नाही. त्यांनी लावलं. पण या वेळी ते मोबाईलकडे बघत नव्हते, शेठच्या तोंडाकडे बघत होते, तिथे हार उमटताना बघायची होती त्यांना. अंगठा उशिरा पडला. मास्तरणीचं दुसरं वाक्य पूर्ण खोलीत आलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं.

शेठने कपाला हात लावला नव्हता. ते उठले. "तुमचाच होता, भाऊ," म्हणाले. "आमचा नव्हता. बॅनर उद्या काढून टाकतो."

काकाजी त्यांच्या मागे दारापर्यंत गेले. म्हणाले, "अहो शेठ, असं कसं. पहिला तं तुमचाच होता ना. तुमचा झाला म्हणून तं..."

शेठ वाकून चपला घालत होते. वर न बघता म्हणाले, "त्यातून ते उठले होते, भाऊ."

काकाजी परत येऊन खुर्चीत बसले. त्यांनी सवयीने रिकामा कप काकूंच्या पुढे केला. काकूंनी तो कप घेतला, शेठचा भरलेला कपही उचलला, आणि दोन्ही विसळायला आत घेऊन गेल्या.